मुरघास तोच, पिशव्या त्याच; मग उन्हातल्याच का बिघडल्या?

मुरघास म्हणजे कुट्टी करून हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा. त्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच शेतातला मका एकाच दिवशी कापला, एकाच यंत्रावर कुट्टी केली आणि त्याच माणसांनी साठ पिशव्यांत भरला. तीस पिशव्या शेडखाली मावल्या. उरलेल्या तीस पत्र्याच्या भिंतीला लागून उघड्यावर एकावर एक रचल्या. चार महिन्यांनी शेडमधला मुरघास पिवळसर हिरवा, आंबूस वासाचा, थंड निघाला. बाहेरच्या पिशव्यांना कडेने पांढरी-निळसर बुरशी होती, हात घातला की ऊब लागत होती, आतला चारा तपकिरी झाला होता आणि वास जळक्या साखरेसारखा येत होता. गायी वेचून खातात, गव्हाणीत उष्टं फार राहतं, दूध उतरलं. विचारणा अशी की कल्चर, म्हणजे चारा आंबवायला भरताना मिसळतात ती जिवाणूंची पूड, निकृष्ट होतं का, आणि पुढच्या वेळी दुसरं घ्यावं का.

कल्चर बदलून हा प्रश्न सुटणार नाही. तेच कल्चर शेडमधल्या पिशव्यांतही होतं आणि तिथे त्याने काम चोख केलं. नकळत का होईना, तुमच्या हातून एक चांगला प्रयोग झाला आहे. चारा, ओलावा, दाब, कल्चर सगळं सारखं, फरक फक्त ठेवण्याच्या जागेचा. एरवी बिघडलेला मुरघास बघायला गेलो की मका कोणत्या अवस्थेत कापला, कुट्टी किती लांबीची होती, दाबायला कोण होतं असे वीस प्रश्न विचारावे लागतात आणि तरीही दोष नेमका कुठे ते सांगता येत नाही. इथे उत्तर समोरच आहे. भरताना तुम्ही चुकला नाहीत, ठेवताना चुकलात.

मुरघास म्हणजे लोणच्यासारखा एकदा मुरला की मुरला, असं बहुतेकांच्या मनात असतं. ते अर्धंच खरं आहे. पिशवी बंद झाल्यावर चाऱ्यातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, सामू (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) उतरत जातो आणि मक्याच्या बाबतीत साधारण 3.8 ते 4.2 च्या दरम्यान येऊन थांबतो. इतक्या आंबट जागी कुजवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. पण यीस्ट आणि बुरशी आंबटपणाला भीत नाहीत. त्यांना अडवून धरते ती हवेची अनुपस्थिती. म्हणजे मुरघास दोन कुलपांनी बंद असतो, एक आम्लाचं आणि दुसरं हवाबंदपणाचं. कल्चर फार तर पहिलं कुलूप लवकर लावतं. दुसरं तुमच्या प्लॅस्टिकच्या, जागेच्या आणि देखरेखीच्या हातात आहे आणि ते पिशवी रिकामी होईपर्यंत रोज शाबूत राहावं लागतं.

हवा किती नुकसान करते याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब मांडतो. एक किलो मुरघासात 350 ग्रॅम कोरडा भाग, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, धरा. त्यातला फक्त 1 टक्का, म्हणजे साडेतीन ग्रॅम, यीस्टने हवेच्या मदतीने जाळला तर जी उष्णता निघते ती त्या किलोभर मुरघासाचं तापमान साधारण 15 अंशांनी वाढवायला पुरते. आणि त्यासाठी हवा लागते सुमारे 13 लिटर. आता चांगल्या दाबलेल्या मुरघासाच्या एका किलोमध्ये, भरतेवेळी, पोकळ्यांमध्ये मिळून हवा असते जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. तिच्यातला ऑक्सिजन ताज्या चाऱ्याच्या पेशी काही तासांतच संपवतात आणि तापमान एखादा अंश वाढतं, बस. सैल भरलेल्या पिशवीतही ही हवा दीड लिटरच्या आसपास असते.

यातून निघणारा अर्थ बहुतेकांना उलटा वाटतो. भरताना आत अडकलेली हवा मुरघास बिघडवत नाही. नंतर चार महिने थेंबाथेंबाने आत येत राहणारी हवा बिघडवते. मग दाबायचं कशाला? वाटा बंद करायला. घट्ट दाबलेल्या चाऱ्यात छिद्रातून आलेली हवा वीतभर आत जाऊन थांबते, सैल चाऱ्यात ती सरळ पोटात शिरते. खड्ड्यासाठी घनमीटरमागे 225 ते 240 किलो कोरडा भाग, म्हणजे ओल्या वजनात साडेसहाशे ते सातशे किलो, हे उद्दिष्ट सांगतात ते याचसाठी. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर देऊन ट्रॅक्टर फिरवायचा तोही याचसाठी.

आता तुमच्या उन्हातल्या पिशव्या. तिथे एकाच वेळी तीन-चार गोष्टी घडल्या. पहिली गोष्ट, साधं पॉलिथिन पाण्याला अडवतं पण ऑक्सिजनला पूर्णपणे अडवत नाही. ऑक्सिजन त्यातून अतिशय मंद गतीने पाझरत असतो आणि प्लॅस्टिक जितकं तापतं तितका हा वेग वाढतो. वीस अंशांवरचं प्लॅस्टिक आणि उन्हात पन्नास अंशांवर गेलेलं प्लॅस्टिक यांच्यात पाझराचा फरक कित्येक पटींचा असतो. पत्र्याची भिंत दुपारी स्वतः तापून ती उष्णता पिशव्यांवर परत फेकते, त्यामुळे तुमच्या पिशव्या दोन्ही बाजूंनी भाजल्या गेल्या.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती क्वचितच कोणी सांगतं. पिशवी श्वास घेते. दुपारी बाहेरचा थर 25 अंशांवरून 55 अंशांवर गेला की त्या थरातला वायू साधारण 10 टक्क्यांनी प्रसरण पावतो. तोंड बांधलेल्या जागी, शिवणीत, सुईएवढ्या एखाद्या छिद्रात, कुठेही फट असली तर तिथून तो बाहेर पडतो. रात्री गारवा आला की वायू आकसतो, आत किंचित पोकळी निर्माण होते आणि त्याच फटीतून बाहेरची ताजी हवा ओढली जाते. रोज एक श्वास. चार महिन्यांत एकशेवीस. शेडखाली दिवस-रात्रीच्या तापमानात फरक असतो, पण पिशवीच्या पृष्ठभागावर तो फार कमी जाणवतो, म्हणून तिथल्या पिशवीला तेवढंच छिद्र असलं तरी ती फारशी बिघडत नाही. उन्हातल्या पिशवीला ते पुरतं.

तिसरं म्हणजे, उबेत यीस्ट जोरात वाढतं. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना 20 ते 40 अंशांचा पट्टा मानवतो. त्यापुढे तेही मागे पडतात, आंबण्याचा वेग आणि आम्लाचं प्रमाण दोन्ही घटतं. भरल्यापासूनचे पहिले दोन आठवडे उन्हात गेलेल्या पिशव्यांचं पहिलं कुलूपही कदाचित नीट लागलं नसेल. आणि चौथं, एकावर एक रचल्यामुळे खालच्या पिशव्यांच्या शिवणींवर ताण आला, वरच्या सरकल्या, कुठेतरी पत्र्याची कड घासली. पिशव्या रिकाम्या केल्यावर आतलं प्लॅस्टिक फेकू नका. एकदा पाण्याने भरून बघा, छिद्रं कुठे होती ते दिसेल. ती बहुतेक तळाशी आणि भिंतीकडच्या बाजूला सापडतील असा माझा अंदाज आहे.

तपकिरी रंग आणि जळक्या साखरेचा वास हे वेगळं प्रकरण आहे. मुरघास 40 अंशांच्या वर बराच काळ राहिला की त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात. भाजताना पदार्थ तपकिरी होतो तीच ही क्रिया. ही प्रथिनं प्रयोगशाळेच्या अहवालात 'एकूण प्रथिने' या ओळीत पूर्ण दिसतात, पण जनावराच्या पोटात सुटत नाहीत, शेणावाटे निघून जातात. अहवाल मागवणार असाल तर आम्ल-अविद्राव्य तंतूंना चिकटलेला नायट्रोजन किती ते तपासायला सांगा. एकूण नायट्रोजनच्या 10-12 टक्क्यांपेक्षा तो जास्त निघाला तर उष्णतेने नुकसान झालं असं समजायचं. गंमत अशी की नुसता तपकिरी झालेला, बुरशी नसलेला मुरघास जनावरं आवडीने खातात. वास गोड, खाणं चांगलं, म्हणून मालक खूश आणि दूध का वाढत नाही ते कळत नाही. चांगला मुरघास गोड वासाचा नसतो.

तुमच्या गायी मात्र वेचून खाताहेत, कारण तिथे बुरशीही आहे. इथे क्रम लक्षात घ्या. हवा आली की आधी बुरशी येत नाही. आधी यीस्ट येतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ते लॅक्टिक आम्लच खातं, त्यामुळे सामू चढायला लागतो, ऊब जाणवते. सामू चढला की इतर जिवाणूंना दार उघडतं आणि सगळ्यात शेवटी बुरशी दिसते. म्हणजे बुरशीचा ठिपका दिसला तेव्हा तिच्या आजूबाजूचा, वरकरणी स्वच्छ दिसणारा चाराही अर्धवट बिघडलेला असतो. नुसती बुरशी काढून बाकीचं घालायचं ही सवय त्यासाठी वाईट. बुरशी दिसेल तिच्या भोवतीचा किमान वीतभर थर तिच्याबरोबरच बाहेर जायला हवा. 'थोडंच आहे, मिसळून टाकू' हे तर करूच नका. बिघडलेला थर चांगल्यात मिसळला तर चांगल्याचंही खाणं कमी होतं आणि कोठीपोटातली (चारा आंबवून पचवणाऱ्या मोठ्या पोटातली) तंतू पचवण्याची घडी बिघडते.

बुरशीच्या रंगावरून विषाचा अंदाज बांधता येत नाही. निळसर हिरवी बुरशी बहुधा पेनिसिलियम गटातली असते, लालसर गोळे असतील तर मोनॅस्कस. पण बुरशी दिसते तिथे विष असेलच असं नाही आणि बुरशी मेल्यावरही विष मागे राहतं. दुभत्या गायीच्या बाबतीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा अंश दुधात उतरतो, हे एकच कारण संशयित चारा दूर ठेवायला पुरेसं आहे. गाभण जनावरं, वासरं आणि विशेषतः शेळ्या-मेंढ्या यांना असा मुरघास अजिबात नको. हवा लागलेल्या, सामू चढलेल्या भागात लिस्टेरिया हा रोगजंतू वाढतो. त्याने मेंढी एका बाजूला मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागते, गाभ टाकते, आणि लक्षणं दिसल्यावर उपचाराला वेळ फार थोडा उरतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी उलट्या प्रकारच्या बिघाडाबद्दल दोन शब्द. मका चिकात असताना, म्हणजे कोरडा भाग 28 टक्क्यांच्या आत असताना भरला, किंवा खड्ड्यात पाणी शिरलं, तर मुरघास गरम होत नाही, थंडच राहतो, पण ओशट, शेवाळी आणि घाणेरड्या वासाचा होतो. हाताचा वास दोनदा धुऊनही जात नाही. हे ब्युटिरिक आम्ल. ते तयार करणारे क्लोस्ट्रिडियम गटाचे जिवाणू हवेशिवायच जगतात, त्यामुळे त्यांच्यापुढे हवाबंदपणाचं कुलूप निरुपयोगी ठरतं. त्यांना अडवतं ते आम्ल आणि कमी ओलावा. पाणी शिरलं की आम्ल पातळ होतं, साखर वाहून जाते आणि त्यांना रान मोकळं मिळतं. उन्हाची भीती म्हणून पिशव्या सखल जागी झाडाखाली ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. पावसात त्यांच्या तळाला पाणी साचतं, वरून झाडाच्या काड्या टोचतात, पक्षी चोच मारतात. सावली हवी, पण ती छपराची. आणि जमीन बाजूच्या पातळीपेक्षा थोडी उंच, उतार असलेली, दगड-खुंट काढून टाकलेली.

ओलावा तपासायला कुट्टी मुठीत घेऊन अर्धा मिनिट जोरात दाबायची. बोटांमधून रस गळला तर फार ओली. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, हात ओलसर झाला पण रस गळला नाही, तर अजून थोडं थांबायला हवं. गोळा हळूहळू सुटला तर योग्य, तीस ते पस्तीस टक्के कोरडा भाग. चटकन विस्कटला तर वाळलेली, आणि वाळलेली कुट्टी दबत नाही, तिच्यात हवा खेळते. तुमची कुट्टी योग्य होती हे शेडमधल्या पिशव्याच सांगतात.

पुढे कधी खड्डा किंवा बंकर (जमिनीवर भिंती बांधून केलेली साठवण) करणार असाल तर हेच तत्त्व तिथे मोठ्या प्रमाणावर लागू होतं. खड्ड्याचा मधला भाग सहसा आपोआप चांगला राहतो. बिघडतो तो वरचा अर्धा-एक मीटर आणि भिंतीलगतचे खांदे, जिथे ट्रॅक्टरचं चाक पोचत नाही. म्हणून भिंतींना आधीच प्लॅस्टिक लावून ठेवायचं आणि भरून झाल्यावर ते वर दुमडून घ्यायचं, मग त्यावर मुख्य आच्छादन. दीडशे मायक्रॉन जाडीचं, बाहेरून पांढरं, आतून काळं आणि ऊन सोसणारं प्लॅस्टिक. काळ्यापेक्षा पांढरं का, तर ते उन्हात कमी तापतं, आणि तापण्याने काय होतं ते वर आलंच आहे. विणलेली ताडपत्री मात्र या कामाची नाही. ती पाऊस अडवते, हवा अडवत नाही. प्लॅस्टिकच्या वर संरक्षण म्हणून घाला, प्लॅस्टिकऐवजी नको. वजन ठेवायचं ते टायरला टायर चिकटवून किंवा वाळूच्या पिशव्यांनी, आणि कडेला अखंड रांग हवी. वाऱ्याने प्लॅस्टिक फडफडलं की ते भात्यासारखं काम करतं, प्रत्येक फडफडीला हवा आत.

खड्ड्याचा तळ फुटका असेल तर आणखी एक गोष्ट घडते. आंबताना तयार होणारा कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. खालच्या फटीतून तो वाहून जातो आणि त्याची जागा घ्यायला वरून हवा ओढली जाते. तळाची गळती आणि माथ्याची बुरशी यांचा संबंध असा असतो. रसाची वाट ठेवायची तर ती पाण्याच्या सापळ्यातून, म्हणजे रस जाईल पण हवा शिरणार नाही अशी. हा रस विहिरीच्या किंवा ओढ्याच्या आसपास जाऊ देऊ नका. घरगुती सांडपाण्याच्या कित्येक पट तो पाण्यातला ऑक्सिजन खातो, मासे मरतात.

वायूचा विषय निघालाच आहे तर हे नीट वाचा. भरल्यानंतर पहिल्या काही दिवसांत पिशव्या फुगतात. घाबरून सुई टोचणारे खूप जण आहेत. टोचू नका. आतला वायू मुरघासाचं रक्षण करतोय, तो दोन-चार दिवसांत बसतो. पिशवी फुटायला आलीच तर तोंडाकडून क्षणभर सैल करा आणि लगेच पुन्हा घट्ट बांधा. दुसरं, नत्रखत जास्त झालेल्या किंवा पाण्याच्या ताणातून आलेल्या चाऱ्यातून पहिल्या तीन आठवड्यांत नायट्रोजन डाय-ऑक्साइड निघू शकतो. पिवळसर तांबूस रंग, कपडे धुण्याच्या ब्लीचसारखा वास, हवेपेक्षा जड. तो फुप्फुस जाळतो, आणि त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो. खोल खड्ड्यात तर कार्बन डाय-ऑक्साइडला रंग-वास काहीच नसतो आणि उतरणारा माणूस जागच्या जागी कोसळतो. त्याला काढायला लगेच दुसऱ्याने उतरायचं नसतं. या दिवसांत खोल खड्ड्यात कोणीही उतरू नये, मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

उंदीर-घुशींचं नुकसान नुसतं छिद्रांपुरतं नसतं. पिशवीत मेलेला उंदीर म्हणजे बॉट्युलिझमचं (जनावराला लुळं पाडून मारणाऱ्या विषबाधेचं) विष तयार व्हायला योग्य जागा, आणि एका सडलेल्या प्राण्याभोवतीचा चारा अख्खा गोठा मारायला पुरतो. पिशव्यांच्या रांगांमध्ये माणूस चालेल एवढी जागा ठेवा, गवत वाढू देऊ नका, धान्याच्या कोठाराला चिकटून ठेवू नका. आठवड्यातून एकदा बॅटरी घेऊन फेरी मारा. छिद्र सापडलं तर मुरघासासाठी मिळणारी चिकटपट्टी लावा. साधी खाकी किंवा पारदर्शक पट्टी उन्हात पंधरा दिवसांत सुटते. पट्टी लावण्याआधी जागा कोरडी पुसायची, हे सांगायला लागू नये पण लागतं.

एकदा बंद केलेली पिशवी शक्यतो हलवू नका. ओढताना, फेकताना चारा सैल होतो, तोंड ढिलं पडतं. मोठ्या साठ्यातून काढून पुन्हा छोट्या पिशव्यांत भरलेला मुरघास तर एकदा हवा खाऊन आलेला असतो. थंडीच्या दिवसांत काही तासांत भरला तर खपून जातो, उन्हाळ्यात नाही. असा विकत घेतला तर महिनोन् महिने ठेवायला म्हणून घेऊ नका.

किती दिवस ठेवावा, हा प्रश्न पुढे येणारच. किमान तीन आठवडे तर उघडूच नये, पंचेचाळीस दिवस झाले तर उत्तम. मक्याच्या दाण्यातल्या पिठाभोवती प्रथिनांचं एक आवरण असतं. साठवणीत ते हळूहळू विरघळतं, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी त्याच मुरघासातलं पीठ जास्त पचतं. म्हणून ताज्यावरून जुन्यावर जाताना पेंड-भरड्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. दुसऱ्या बाजूने, हिरव्या चाऱ्यातला कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व साठवणीत घटत जातं, ते खनिज मिश्रणातून भरून काढावं लागतं. नीट हवाबंद असेल तर वर्षभर काही होत नाही. नसेल तर महिनाही पुष्कळ.

उघडल्यानंतर घड्याळ सुरू होतं. खड्ड्याच्या उघड्या तोंडातून हवा मीटरभर आत जाते, म्हणून थंडीत रोज किमान 15 आणि उन्हाळ्यात 30 सेंटिमीटरचा पूर्ण काप निघाला पाहिजे. तेवढी जनावरं नसतील तर खड्डा अरुंद करा, हा हिशेब बांधण्याआधी करायचा असतो. कापताना तोंड सरळ, गुळगुळीत ठेवा. फावड्याने उकरून खोबणी केल्या की तेवढी जास्त हवा शिरते, शिवाय खालून पोखरलेली उंच भिंत अंगावर कोसळते. पिशवीचं गणित सोपं आहे. लहान पिशवी त्याच दिवशी संपली पाहिजे, मोठी असेल तर तीन दिवसांत, आणि प्रत्येक वेळी काढून झाल्यावर तोंड पिळून बांधायचं. सकाळी काढलेला ढीग संध्याकाळसाठी गव्हाणीजवळ पडून राहत असेल तर शेडमधल्या चांगल्या पिशव्यांचाही उपयोग अर्धाच होतो.

कल्चरबद्दल शेवटी सांगतो, कारण तुमचा मूळ प्रश्न तो होता. दोन प्रकार असतात. एक फक्त लॅक्टिक आम्ल झपाट्याने बनवणारा. दुसऱ्यात ब्युकनेराय नावाचा जिवाणू असतो, तो काही लॅक्टिक आम्लाचं अ‍ॅसिटिक आम्लात रूपांतर करतो आणि अ‍ॅसिटिक आम्ल यीस्टला आवरतं. उघडल्यावर गरम होण्याची तक्रार असेल तर दुसरा प्रकार उपयोगी, पण त्याला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात आणि फाटकी पिशवी तोही शिवत नाही. कोणताही प्रकार घ्या, पुड्यात जिवंत जिवाणू आहेत हे विसरू नका. चाऱ्याच्या दर ग्रॅममागे किमान एक लाख जिवंत पेशी पडाव्या लागतात. पुडा ट्रॅक्टरच्या टपावर दिवसभर तापला किंवा क्लोरीन घातलेल्या पाण्यात कालवला तर तुम्ही चाऱ्यावर नुसती पूड शिंपडत असता.

आता उरलेल्या पिशव्यांचं. बाहेरच्या शिल्लक पिशव्या आजच सावलीत हलवा. हलवू नका असं वर म्हटलं, पण इथे ऊन जास्त वाईट. लांब दांड्याचा तापमापक मिळाला तर प्रत्येक पिशवी उघडल्या उघडल्या वीतभर आत खुपसून बघा. बाहेरच्या सावलीतल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंशांहून जास्त ऊब असेल तर आत जळण सुरू आहे. बुरशी नसलेल्या, फक्त तपकिरी पिशव्या आटलेल्या गायींना किंवा मोठ्या कालवडींना इतर चाऱ्यात मिसळून द्या आणि प्रथिनांची भर पेंडीतून घाला. आटलेल्यांतही विण्याच्या जवळ आलेल्या वगळा. बुरशीच्या पिशव्या उकिरड्यावर. जीवावर येईल, तरी उकिरड्यावरच. दुभत्या गायींना शेडमधलाच मुरघास द्या आणि आठ-दहा दिवस दुधाची नोंद ठेवा.

पुढच्या भरणीला सगळ्या साठ पिशव्या सावलीत मावणार नसतील तर उघड्यावरच्यांसाठी भिंतीपासून दूर, एकेरी थरात, उत्तर बाजूला जागा काढा आणि वर हवा खेळेल अशा अंतरावर पाचटाचा किंवा जाळीचा मांडव टाका. आणि भरताना दोन्हीकडच्या चार-चार पिशव्यांचं वजन करून त्यांच्यावर लिहून ठेवा. उघडताना पुन्हा वजन करा. चांगल्या पिशवीत किरकोळच घट दिसेल. कोणत्या पिशवीतून किती चारा वायू होऊन उडून गेला, ते तेव्हा तुम्हाला माझ्याशिवायही कळेल.